ऑलिव्ह ऑइलचा रिपोर्ट खरा निघाला, तेल नाही

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी तेल-तूप बेतानं, एवढंच सांगितलं होतं. ऑलिव्ह ऑइलचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. ते आमच्या घरात आलं पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधून. तिथे एका रविवारी मोफत बीपी-शुगर तपासणी होती आणि शेजारच्या टेबलावर पाच-पाच लिटरचे हिरवे डबे मांडलेले होते.

विकणारा माणूस अतिशय अदबीनं बोलत होता. बाबांना 'काका' म्हणत त्यानं स्पेनमधल्या अभ्यासाची माहिती दिली. ती खोटी नव्हती. प्रेडिमेड नावाचा तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्रुटी दुरुस्त करून पुन्हा. सुमारे ७,४०० लोकांच्या त्या अभ्यासात एक्स्ट्रा व्हर्जिन (फळं नुसती दाबून काढलेलं, रिफाइन न केलेलं) ऑलिव्ह ऑइलसह भूमध्य सागराकडचा आहार घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. नुकतंच ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या माणसाच्या मुलीला हे ऐकून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग त्यानं लॅबचा रिपोर्ट पुढे केला. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ९०० किलोकॅलरी, फॅट १०० ग्रॅम, प्रोटीन शून्य, कोलेस्टेरॉल शून्य, ट्रान्स फॅट शून्य, थोडं व्हिटॅमिन ई. खाली ठळक अक्षरात, अ‍ॅसिडिटी ०.२ टक्के. तेलातली सुटी आम्लं जितकी कमी तितकं तेल चांगलं; एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी मर्यादा ०.८ आहे, म्हणजे आमचं तेल त्याहूनही शुद्ध, असं तो म्हणाला. दुकानात लिटरला हजाराच्या वर जाणारं तेल इथे ५५० रुपयांना पडत होतं. तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. मी दोन डबे घेतले, साडेपाच हजार मोजून.

अडीच महिने बाबा रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे तेल घेत होते, औषध समजून. ठेच्यावर कच्चं शेंगदाणा तेल घातल्याशिवाय त्यांचं जेवण व्हायचं नाही, तेही त्यांनी माझ्या शब्दाखातर सोडलं. आईनं घाण्याचं तेल आणणं बंद केलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, पैसे नव्हे.

माझा मावसभाऊ अन्नपदार्थांच्या लॅबमध्ये आहे. तो जेवायला आला तेव्हा त्यानं चमचाभर तेल तोंडात घेतलं आणि थांबला. "ताई, हे घशाला लागत कसं नाही?" ताज्या, चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला किंचित कडवटपणा असतो आणि गिळताना घशात तिखट चुरचुरतं. ती चुरचुर ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची असते. मग त्यानं डब्याच्या तोंडाशी बोट फिरवलं. ओघळलेलं तेल वाळून बोटाला चिकटत होतं, डिंकासारखं. सोयाबीनचं तेल हवेत असं चिकट होतं, ऑलिव्हचं सहसा होत नाही. तरी एवढ्यावर ठरवू नकोस, म्हणाला. फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइल करून घे, म्हणजे तेलात कोणती स्निग्धाम्लं किती आहेत ते कळेल.

एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या दुसऱ्या लॅबमध्ये नमुना दिला. गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) आलेले स्निग्धाम्लांचे आकडे असे: ओलिक ३३ टक्के, लिनोलिक ४४, लिनोलेनिक ५.६. ऑलिव्हमध्ये ओलिक किमान ५५ टक्के लागतं, लिनोलिक २१ च्या वर जात नाही आणि लिनोलेनिक फार तर १. डब्यात बहुतेक सगळं रिफाइंड सोयाबीन होतं, वासापुरतं ऑलिव्ह.

आणि तो पहिला रिपोर्ट? त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. पोषणमूल्यांचा तो तक्ता सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, कुठल्याही खाद्यतेलाला जवळजवळ तसाच येतो. कोलेस्टेरॉल कुठल्याही वनस्पती तेलात जवळजवळ नसतंच. रिफाइंड तेलातली आम्लता तर प्रक्रियेतच काढून टाकतात, त्यामुळे ०.२ येणं हे शुद्धतेचं लक्षण नव्हतंच. तेल ऑलिव्हचं आहे का, हा प्रश्न त्या कागदानं विचारलेलाच नव्हता. तो विचारायचा तर फॅटी अ‍ॅसिड आणि स्टेरॉल (प्रत्येक तेलात वेगळ्या प्रमाणात असणारे वनस्पतीतले घटक) तपासावे लागतात. ताजेपणासाठी पेरॉक्साइड (तेल खवट होऊ लागल्याची खूण) आणि अतिनील किरणांची चाचणी. कोणी रिपोर्ट दाखवला तर हे शब्द शोधा, आणि रिपोर्टवरचा बॅच नंबर डब्यावर आहे का तेही बघा. फ्रिजमध्ये गोठतं का ते बघून काही कळत नाही. हिरव्या रंगावरही जाऊ नका. तेल चाखणारे तज्ज्ञ रंगाचा प्रभाव पडू नये म्हणून निळ्या काचेच्या पेल्यातून चाखतात.

स्पेनमध्ये १९८१ साली फिरते विक्रेते असंच पाच लिटरच्या कॅनमधून 'ऑलिव्ह' तेल विकत होते. ते कारखान्यांसाठीचं, अ‍ॅनिलीन नावाचं रसायन मिसळलेलं मोहरीवर्गीय तेल होतं. वीस हजारांहून जास्त लोक आजारी पडले, तीनशेवर माणसं गेली. आमचं तेल निदान खाण्याचं होतं, एवढंच नशीब.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक फॉसकॉस या सरकारी अन्न-परवान्यांच्या साइटवर टाकला, तर तो एका मसाल्यांच्या व्यवसायाचा निघाला. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तिथे एक गोष्ट कळली, ती आधी माहीत असती तर बरं झालं असतं. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल निकृष्ट ठरला तर फी परत मिळते. पण तपासणी करणार आहे, हे खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. बिलसुद्धा घेतलं नव्हतं.

सोसायटीत आणखी आठ घरांनी ते डबे घेतलेत. माझा दुसरा डबा अजून सीलबंद आहे; तो आणि दोन्ही रिपोर्टच्या प्रती सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे न फोडलेला डबा असेल त्यांनी तो फेकू नका, बॅच नंबरचा फोटो काढा आणि तक्रारीवर माझ्यासोबत सही करा.