अलेक्झांड्रियाच्या बंदरात अडकलेली हळद

२०२३ च्या मे महिन्यात मी सांगलीहून इजिप्तला राजापुरी हळकुंडांचा पंधरा टनांचा एक कंटेनर पाठवला आणि त्या एका व्यवहारात आठ लाखांहून अधिक रुपये गमावले. ज्यांनी फसवले त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण पेढीचे नाव ही मंडळी वरचेवर बदलतात. पद्धत मात्र बदलत नाही, आणि उत्तर आफ्रिकेत पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्याला ती आधीच ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इजिप्तकडे वळण्यामागे माझा विचार चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. दहा कोटींहून अधिक लोकसंख्या, मसाल्यांची जुनी पेठ, न्हावा शेवाहून सुएझमार्गे सरळ सागरी वाट आणि तेथून पुढे शेजारच्या देशांत माल जाण्याची सोय, हे सारे खरे आहे. त्या वर्षी २६ जानेवारीच्या संचलनाला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष प्रमुख पाहुणे होते आणि दोन्ही देशांतील व्यापार पाच वर्षांत बारा अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे ठरल्याच्या बातम्या सर्वत्र होत्या. महिन्याभरातच दुबईच्या एका खाद्यप्रदर्शनात मला एक मध्यस्थ भेटला. तो उत्तम हिंदी बोलत होता, हळकुंड हातात घेऊन मोडून पाहत होता आणि कुरकुमिनचे प्रमाण विचारत होता. ज्याला मालातले कळते तो माणूस खोटा नसेल, अशी समजूत मी तेथेच करून घेतली.

त्याने आणलेल्या आयातदाराशी सौदा टनाला १,२०० डॉलर, अलेक्झांड्रिया पोहोच, असा ठरला. एकूण १८,००० डॉलरपैकी वीस टक्के, म्हणजे ३,६०० डॉलर आगाऊ, आणि उरलेले १४,४०० डॉलर बँकेतून मालाचे कागद, ज्यांच्यावाचून माल हाती येत नाही, ते सोडवताना. आगाऊ रक्कम चार दिवसांत माझ्या खात्यात जमा झाली आणि माझी उरलीसुरली शंकाही मिटली. पुढे जे घडले ते पाहता ही रक्कम म्हणजे माझ्या मालावर ताबा मिळवण्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत होती.

येथे इजिप्तमधील तेव्हाची चलनस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक तिच्याच आधाराने झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने बहुतेक आयातीसाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी), सक्तीची केली. डॉलरच्या टंचाईमुळे बँका एलसी उघडेनात आणि बंदरांत माल साचत गेला. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ही सक्ती उठली आणि बँकेमार्फत कागद पाठवून पैसे घेण्याची जुनी रीत पुन्हा सुरू झाली, पण डॉलर काही मुबलक झाला नाही. मार्च २०२२ पर्यंत डॉलरला सुमारे सोळा इजिप्शियन पौंड पडत होते. जानेवारी २०२३ मध्ये तो दर तिसाच्या घरात गेला आणि काळ्या बाजारात त्याहून वर. प्रामाणिक आयातदारही त्या काळात बँकेच्या रांगेत आठवडेच्या आठवडे थांबत होते. त्यामुळे ‘डॉलर मिळत नाहीत’ हे कारण तेथून आले की ते खरे की बनावट हे सांगलीत बसून ओळखणे फार कठीण होते.

जहाज जूनच्या मध्यावर अलेक्झांड्रियाला लागले. माझे कागद तेथील बँकेत आठवडाभर आधीच पोहोचले होते, तरीही आयातदाराने ते उचलले नाहीत. पहिला आठवडा डॉलरच्या रांगेत गेला, दुसरा बकरी ईदच्या सुट्टीत. तेथील बँका शुक्रवार-शनिवार बंद असतात आणि आपल्याकडे रविवारी सुट्टी, त्यामुळे एका साध्या प्रश्नाचे उत्तर यायला चार-चार दिवस लागत. जहाज कंपनीने दिलेले चौदा दिवस संपले आणि कंटेनरचे भाडे व बंदराचे शुल्क रोज चढू लागले. ते सुरू होताच, जणू त्याचीच वाट पाहिली जात होती अशा रीतीने, आयातदाराची पहिली मागणी आली: बाजार पडला आहे, एकूण बिलात तीस टक्के सूट द्या, नाहीतर माल नको.

मी माल दुसऱ्याला विकायचे ठरवले, आणि आपण कशात सापडलो आहोत हे मला त्या दिवशी समजले. ऑक्टोबर २०२१ पासून इजिप्तला समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रत्येक मालाची आगाऊ नोंद सक्तीची आहे. आयातदार तेथील सरकारी संकेतस्थळावरून १९ अंकी क्रमांक काढून देतो आणि तो क्रमांक, आयातदाराचा कर नोंदणी क्रमांक व निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक असे तिन्ही बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, छापावे लागतात. म्हणजे माल बोटीत चढतो तोच त्या एका आयातदाराच्या नावाशी बांधलेला असतो. नाव बदलायचे, माल दुसऱ्या बंदरात वळवायचा किंवा परत आणायचा, तर त्याच आयातदाराचे ना-हरकत पत्र लागते. मूळ बिल ऑफ लेडिंग माझ्या बँकेमार्फत तेथे सुरक्षित होते, मालाची मालकी कागदोपत्री माझीच होती, तरी त्याच्या सहीवाचून एक पोतेही हलवणे शक्य नव्हते. ठरावीक मुदतीत माल न सोडवल्यास सीमाशुल्क खाते त्याचा लिलाव करते, हेही मध्यस्थाने मला याच सुमारास, अतिशय काळजीच्या स्वरात, सांगितले.

मध्यस्थाने मग तोडगा सुचवला. १,८०० डॉलर भरल्यास तो आयातदाराकडून ना-हरकत पत्र आणून देईल आणि दुसरा खरेदीदारही उभा करील. पैसे तिसऱ्याच देशातील एका खात्यावर पाठवायचे होते. माझ्या मुलाने यावर आक्षेप घेतला होता. मी त्याचे ऐकले नाही, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त सलते ते हेच. पाच दिवसांनी शिक्का-सही असलेले पत्र आले, ते मी जहाज कंपनीच्या मुंबई कार्यालयाला दिले, आणि त्यांच्या अलेक्झांड्रियातील माणसाने ते बनावट असल्याचे दोन दिवसांत कळवले. त्यानंतर मध्यस्थाचा फोन लागला नाही.

आयातदाराची मागणी आता पंचेचाळीस टक्क्यांवर गेली होती. माल परत आणायचा तरी त्याचीच संमती, वर जाण्या-येण्याचे भाडे आणि बंदराचे सगळे शुल्क. हिशेब मांडला तेव्हा हळद तिकडेच सोडून देणे आणि परत आणणे यांत फारसा फरक उरत नव्हता. मी पंचेचाळीस टक्क्यांना होकार कळवला. जो माणूस पन्नास दिवस डॉलर मिळत नाहीत म्हणून सांगत होता, त्याने दुसऱ्याच दिवशी ६,३०० डॉलर भरून कागद सोडवले. टंचाई त्याच्यापुरती कधी नव्हतीच याचा मला याहून वेगळा पुरावा नको होता. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या सौद्यांत हळदीचा भाव मार्चच्या दुपटीच्या आसपास गेला. मी तो माल पाठवला नसता, नुसता गोदामात ठेवला असता तरी चालले असते, हे दुःख आमच्या घरात बरेच दिवस होते.

पोलिसांकडे मी मध्यस्थाच्या पैशांबद्दल तक्रार दिली आहे. बाकीचा व्यवहार मी लेखी संमती देऊन पुरा केल्यामुळे तो दिवाणी वाद ठरतो असे मला सांगण्यात आले. शिवाय बिलाची रक्कम एवढी कमी का झाली हे आपल्या बँकेला कागदोपत्री पटवून द्यावे लागते, नाहीतर ती रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत थकीत म्हणून दिसत राहते. त्या कामात माझे तीन महिने गेले.

जे मी केले नाही ते सांगतो. बँकेमार्फत कागद पाठवण्याच्या पद्धतीत परदेशी बँक पैशांची हमी घेत नाही, ती फक्त कागद पोहोचवते आणि मालाची जबाबदारीही तिच्यावर नसते. हे मला माझ्या बँकेने लेखी दिलेल्या अटींत होते, मी वाचले नव्हते. ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडे, त्या खरेदीदाराची पत-मर्यादा मागितली असती तर त्याची चौकशी आपोआप झाली असती, आणि पॉलिसीच्या अटी पाळल्या असत्या तर माल न स्वीकारल्याच्या नुकसानीला काही आधार मिळाला असता. कैरोतील भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाला मी पत्र लिहिले ते माल अडकल्यानंतर. ते सौद्याआधी लिहायला हवे होते. आता मी इजिप्तचा सौदा एलसीवर, आणि तीही तिसऱ्या देशातील चांगल्या बँकेने कन्फर्म केलेली, म्हणजे स्वतःचीही हमी दिलेली, असेल तरच घेतो, किंवा माल वळवायचा झाला तर येण्या-जाण्याचा खर्च निघेल एवढी आगाऊ रक्कम मागतो. वीस टक्क्यांत तो खर्च निघत नाही. या अटींवर दोन खरेदीदार मिळाले आहेत आणि दोघांचेही पैसे वेळेवर आले.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला माझ्याआधी हुबेहूब हाच अनुभव आला होता, हे मला माझे सगळे संपल्यावर कळले. त्यांनी संकोचाने कोणाला सांगितले नव्हते. गेल्या महिन्यात मार्केट यार्डातील एका तरुण अडत्याने मला अलेक्झांड्रियाहून आलेली एक मागणी दाखवली. पेढीचे नाव नवीन होते, वीस टक्के आगाऊ द्यायची तयारी होती. मी घरून माझ्या जुन्या बिल ऑफ लेडिंगची प्रत आणून दोन्ही कागद शेजारी ठेवले. कर नोंदणी क्रमांक तोच होता. त्याचा माल सुदैवाने अजून भरलेला नव्हता.