सागाचे ओंडके ओढणारा ट्रॅक्टर-विंच : हिवाळा ते मे वापरल्यावर

रामटेक-पारशिवनीकडे धुऱ्यावर आणि नाल्याकाठी साग लावलेला आहे. तोडायला वेळ लागत नाही, ओंडके रस्त्यापर्यंत आणताना जीव जातो. काळ्या मातीत वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, पण खाली ओल असते आणि ट्रॅक्टर बसतो. थ्री पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, लिफ्टने वरखाली होणाऱ्या दांड्यांवर) चढणारा, पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा ३ टनी विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओंडका ओढणारे यंत्र, आम्ही ४५ एचपीच्या ट्रॅक्टरवर वापरतोय. त्याचा खरा फायदा म्हणजे ट्रॅक्टर झाडापाशी न्यावाच लागत नाही. तो मुरमाड कडेला उभा राहतो, आत जातो फक्त दोर.

३ टन म्हणजे किती, ते आधी समजून घ्या. ओंडक्याचा मधला घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि १२.५७ ने भागा. १.२ मीटर घेर आणि ३ मीटर लांबीचा नग ०.३४ घनमीटर भरतो. ओला साग असेल तर वजन ३०० किलोच्या पुढे. मग ३ टन भरपूर वाटतात, पण हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा आहे. थर चढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. शिवाय ओंडक्याचे बूड खुंटाला अडले की वजनाचा हिशेब संपतो, तिथे विंच पूर्ण ताकद लावतो.

विंच बसवताना पीटीओ शाफ्ट जास्त लांब निघाला. विक्रेत्याने तो मापून दिलाच नव्हता. लिफ्ट वरखाली करून शाफ्ट सगळ्यात आखूड कुठे होतो ते बघा आणि तिथेही दोन-तीन सेंटिमीटर जागा उरेल इतका कापा. दोन्ही नळ्या समान कापायच्या, कानस मारून ग्रीस लावायचे. न कापता जोडला तर लिफ्ट उचलताना शाफ्ट पीटीओच्या बेअरिंगवर दाबतो आणि ते काम महागात पडते. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर काढून ठेवू नका, धोतर-दुपट्टा गुंडाळायला क्षण लागत नाही.

ओढण्याआधी विंचची खालची पाटी जमिनीत रुतेपर्यंत लिफ्ट खाली सोडा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ताण पाटीने घ्यायचा असतो, ट्रॅक्टरच्या चाकांनी नाही. पाटी अधांतरी राहिली तर ट्रॅक्टर मागे घसरतो किंवा पुढची चाके उचलतो. दोर विंचच्या सरळ मागेच असावा. तिरका ओढला तर ड्रमवर एका बाजूला ढीग होतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत नेण्याची गरज नाही, कमी फेऱ्यांवर ओंडका संथ येतो आणि अडला की लगेच कळते.

ओंडका बुडाकडून ओढा, म्हणजे उरलेल्या फांद्या मागे दबतात. चोकर, म्हणजे ओंडक्याला टाकायचा फास, टोकापासून हातभर आत बांधा. पुढे खुंट दिसत असेल तर चोकरची गाठ अशा बाजूला ठेवा की ताण येताच ओंडका खुंटापासून दूर लोळेल. एवढ्या एका सवयीने निम्मे अडकणे कमी होते. वळण असेल तर उघडणारी कप्पी खुंटाला अगदी बुडाशी, रुंद नायलॉन पट्ट्याने बांधा. कप्पीवर ओढीच्या दुपटीपर्यंत ताण येतो, म्हणून पट्टा आणि शॅकल (बोल्टने बंद होणारी यू आकाराची कडी) त्या मापाचे हवेत. दोराच्या कोनाच्या आतल्या बाजूला माणूस उभा राहता कामा नये. पट्टा सुटला तर कप्पी तिकडेच येते.

सगळ्यात जास्त लक्ष खाल्ले ते दोराने. १० मिमीचा नवा वायर रोप साधारण ६ टनांना तुटतो, पण पीळ पडला किंवा लड चपटी झाली की तो भरवसा संपला. तेवढा तुकडा कापून नवे टोक करायचे. ढिला गुंडाळलेला दोर ताण आल्यावर खालच्या थरात रुततो आणि मग सोडवता सोडवता दुपार जाते. रोज काम संपताना ओंडक्याच्या हलक्या ताणावर तो पुन्हा घट्ट गुंडाळला की हा त्रास राहत नाही. बाहेर ओढताना ड्रम मोकाट फिरून गुंता होत असेल तर ड्रमच्या ब्रेकची स्प्रिंग कसा. ड्रमवर किमान तीन वेढे कायम उरले पाहिजेत. बुलडॉग क्लिप (दुमडलेले टोक दोराला आवळणारी पकड) लावताना तिचे खोगीर, म्हणजे खाचेचा भाग, ताणाच्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर, तीन क्लिप, सहा-सहा सेंटिमीटरवर, आणि पहिल्या ओढीनंतर नट परत आवळायचे. उलट्या लावलेल्या क्लिप पहिल्यांदा काहीच दाखवत नाहीत, म्हणून त्या अधिक घातक. चामड्याचे हातमोजे लागतातच. तुटलेल्या तारेचा काटा कापडी मोज्यातून थेट आत जातो, आणि मेमध्ये उन्हात पडलेला दोर तसाही हातात धरवत नाही.

विंचच्या क्लचची ओढीची दोरी लांब घ्या, विंचच्या संरक्षक जाळीच्या मागे उभे राहून बाजूने ओढता आली पाहिजे. ओंडका दूरवर असताना क्लच अर्धवट धरायची सवय लागली की प्लेट जळते. वायर रोप आणि शॅकल नागपुरात मिळतात, क्लच प्लेट मात्र मागवावी लागते, तेव्हा एक जादा घेऊन ठेवा.

दुसऱ्या झाडात अडकून राहिलेले झाड खाली आणायला हा फार चांगला, फक्त ट्रॅक्टर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. कप्पी वापरली की ते सहज जमते. काटोलकडून बरेच जण विचारतात की जुन्या संत्र्याची खुंटे निघतील का. मुळासकट खुंट काढायला हा घेऊ नका. मूळ अचानक तुटते, दोर झटका घेतो आणि क्लचसह सगळे ढिले होते. त्याला जेसीबीच बरा.