जीपीएस घड्याळ: सेटिंग ब्राउझरमधून करावं की सिरियल केबलने?

जीपीएस घड्याळ म्हणजे उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारं यंत्र. ते नेटवर्कवरून ब्राउझरमध्ये उघडता येतं किंवा सिरियल केबलने थेट संगणकाला जोडता येतं. माझं उत्तर आधीच सांगतो. रोजच्या सेटिंगला ब्राउझर, फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलायला केबल. आणि दोन्हींपैकी एकच सोय असलेलं यंत्र घ्यायचं असेल, तर केबलवालं घ्या.

ब्राउझरमध्ये सगळं एका नजरेत दिसतं: उपग्रह किती, सिग्नल कसा, घड्याळ लॉक आहे (उपग्रहांशी जुळलेलं) की होल्डओव्हरवर (सिग्नल नसताना स्वतःच्या भरवशावर) चाललंय. शिवाय आकड्याच्या चौकटीशेजारी एकक लिहिलेलं असतं, ते फार उपयोगी पडतं. अँटेना केबलचाच हिशेब घ्या. साध्या कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३० मीटरला १५०. हा उशीर भरून निघावा म्हणून तो आकडा यंत्राला द्यावा लागतो. सिरियल केबलवरच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हा आकडा सेकंदात द्यायचा की नॅनोसेकंदात, हे मॅन्युअल उघडल्याशिवाय कळत नाही. चिन्हाचाही घोळ असतो: काही यंत्रं अधिक मागतात, काही उणे. उलटं भरलंत तर चूक भरून निघायच्या ऐवजी ३०० होते.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखाच फटका बसतो. बदल लागू झाला म्हणजे तो जतन झाला असं नाही. मी एकदा सगळं नीट भरलं, कौतुकाने आठवडाभर पाहिलं, वीज गेली आणि पुन्हा शून्य! तेव्हापासून सेव्ह केल्यावर वीज स्वतःच बंद करून बघतो.

फर्मवेअरची गोष्ट वेगळी. नेटवर्कवरून अपडेट मध्येच तुटलं, तर आयपी पत्ता जातो आणि त्याच्याबरोबर वेब पानही जातं. सिरियल पोर्टवर बूटलोडर (यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बहुधा तरीही उत्तर देतो. केबल हळू चालते हे खरं: ९६०० बॉडला (बॉड म्हणजे सिरियल केबलच्या वेगाचं माप) १ एमबीची फाइल चढायला १८ मिनिटं लागतात. ११५२०० बॉडला तेच काम दीड मिनिटात होतं, तेव्हा यंत्र परवानगी देत असेल तर आधी वेग वाढवून घ्या.

मुळात अपडेट करावं का? सगळं सुरळीत असेल तर माझा हात वळत नाही. तारीख एकदम १०२४ आठवडे, म्हणजे जवळजवळ २० वर्षं मागे गेली, तर मात्र इलाज नाही. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा आकडा १० बिटांत असतो आणि तो एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर आला. काही रिसीव्हर त्या दिवशी सावरले आणि नंतर भलत्याच तारखेला घसरले, कारण त्यांचं गणित फर्मवेअर बनल्याच्या तारखेपासून सुरू होतं. गंमत म्हणजे अशा वेळी सेकंदाचा ठोका अगदी बरोबर पडत असतो, फक्त तारीख चुकलेली असते.

अपडेटनंतर अँटेना केबलचा आकडा आणि अँटेनाचं स्थान तपासा. बऱ्याचदा दोन्ही पुसले जातात. आणि घड्याळ १८ सेकंद पुढे दिसलं तर घाबरून जुनं फर्मवेअर परत चढवू नका. जीपीएसचा काळ २०१७ पासून यूटीसीच्या (जगाच्या प्रमाण वेळेच्या) तेवढाच पुढे आहे. हा फरक उपग्रहच सांगतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ अँटेनाला मोकळं आकाश दिसू द्या.