लेकीसोबत बास पकडताना: सहा फुटी रॉड-रीळ सेट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेकीच्या नवव्या वाढदिवसाला, मार्चमध्ये, हा सेट घेतला. आता नोव्हेंबर लागलाय. मधल्या आठ महिन्यांत आम्ही मायलेकी तीसेक वेळा तरी तलावावर बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, पकडायला गेलो असू, बहुतेक वेळा डॅलसजवळच्या सीडर हिल स्टेट पार्कात, जो-पूल लेकच्या काठावर. निकाल आधीच सांगून टाकते: रॉड (गळाची काठी) उत्तम, रीळ (दोरी गुंडाळायचं यंत्र) जेमतेम, आणि त्यावर गुंडाळून आलेली लाइन, म्हणजे दोरी, पहिल्याच दिवशी काढून टाकण्याच्या लायकीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी काय बघून घ्यावं, ते मला सांगायचंय.

माझं माहेर रेवदंड्याचं. भाऊ खाडीवर गळ घेऊन जायचे, मला कधी कुणी नेलं नाही. त्यामुळे मासा साफ कसा करायचा हे मला पाठ, पण पकडायचा कसा हे मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी लेकीबरोबरच शिकले.

सुरुवात या सेटने झाली नाही. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडचं झेबको ३३ हे बटणाचं, झाकणबंद रीळ वापरायला दिलं होतं. बटण दाबायचं, हात मागे नेऊन पुढे झटकायचा, बटण सोडायचं, झालं. १९५४ पासून हे मॉडेल चालू आहे, आणि ते काढणारी टल्साची कंपनी त्याआधी तेलविहिरींसाठी टायमरचे बॉम्ब बनवायची! पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी आजही तेच सुचवेन. पण आमची मुलगी उंच झाली, तिला लांब फेकायचं होतं, आणि झाकणाखाली लाइनचं काय चाललंय ते दिसत नाही म्हणून ती वैतागायची. म्हणून हे उघड्या स्पूलचं, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी उघडी दिसणारं, स्पिनिंग रीळ.

रॉड सहा फुटी, मीडियम ताकदीचा, दोन तुकड्यांचा. ग्रॅफाइट आणि फायबरग्लास मिसळून केलेला. निव्वळ ग्रॅफाइटचा रॉड हलका असतो, हाताला जास्त कळतं, पण ठोकर लागली की जातो. मुलांच्या हातात ठोकर लागणारच. हा दगडांवर पडलाय, गाडीच्या डिकीत पाण्याच्या कॅनखाली दबलाय, एकदा मीच त्यावर पाय दिला. काही झालं नाही. लाइन ज्यातून ओवतात त्या कड्या एकसंध स्टीलच्या आहेत, आतली सिरॅमिकची रिंग निघून पडण्याची भानगड नाही. मूठ फोमची आहे. दिसायला बुचाची छान वाटते, पण फोम ओल्या हाताला घट्ट बसतो. लहान मुलांना अगदी नाजूक, हलका रॉड देऊ नका. बास दोन पौंडांचा असला तरी थेट पाणवनस्पतीत शिरतो, आणि तिथून त्याला ओढून काढायला रॉडमध्ये जीव लागतो.

आता लाइन. कंपनीने भरलेली लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी व्हायची. पहिल्या दिवशी दर चौथ्या फेकीला गुंता, आणि गुंता सोडवता सोडवता लेकीच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी ८ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) मऊ मोनो, म्हणजे एकेरी धाग्याची, लाइन भरली, स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. काठोकाठ भरली की वेटोळी आपोआप सुटतात. दुसरी गोष्ट, फेकल्यावर वरची तार, म्हणजे बेल, हँडल फिरवून बंद न करता हाताने बंद करायची आणि लाइन जरा ताणून घ्यायची. एवढ्यावर गुंते जवळपास संपले. अजूनही मी विसरले की बाजूने आवाज येतो, "आई, आधी हात, मग हँडल." ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन मी माझ्या रॉडवर वापरते, तिला दिलेली नाही. बोट कापतं.

रीळ जुलैत गेलं. बेलची स्प्रिंग तुटली. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. मला याचा खरंच राग आला, कारण सुट्टीचे दोन आठवडे वाया गेले. शेवटी २५०० साइजचं दुसरं रीळ वेगळं विकत घेतलं. म्हणून सल्ला असा की रॉड आणि रीळ सुटंसुटं घ्या. थोडे पैसे जास्त जातील.

आमिषांमध्ये फार खर्च करू नका. आमच्याकडे बाकी डबाभर वस्तू आहेत, पण बहुतेक मासे एकाच गोष्टीवर आले: पाच इंची प्लास्टिकचं गांडूळ, मधोमध टोचलेला १/० नंबरचा गळ. याला वॅकी रिग म्हणतात. फेकायचं आणि काहीही करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरवत ते हळूहळू खाली जातं, आणि बास बहुधा ते खाली जात असतानाच घेतो. मुलांना हे जमतं, कारण हात हलवायचा नसतो, नुसती लाइन बघायची असते.

जूनमधली एक सकाळ. सूर्य अजून वर आला नव्हता, पाणी तेलासारखं सपाट. लाइन पाण्यावर सैल पडलेली, लेक उकिडवी बसून तिच्याकडे बघतेय. लाइनला एक बारीकशी टिचकी बसली. मग ती आपसूक डावीकडे सरकू लागली, जणू कुणी खालून बोटाने ओढत नेतंय. ती काही बोलली नाही. उभी राहिली, सैल भाग गुंडाळून घेतला, आणि रॉड वर उचलला. रॉड वाकला, मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला, तोंड उघडून डोकं झटकत, आणि मी नुसतीच "सोडू नकोस, सोडू नकोस" म्हणत राहिले. तिने आणला काठाला. हात आधी पाण्यात बुडवला, म्हणजे अंगावरचा चिकट थर निघत नाही, मग अंगठा खालच्या ओठात घालून उभा धरला. साडेपंधरा इंच. बासचे दात बारीक, सँडपेपरसारखे. अंगठा खरवडतो, आणि ती खरवड ती दिवसभर सगळ्यांना दाखवत होती.

टेक्सासात सर्वसाधारण नियम किमान १४ इंच आणि दिवसाला पाच, म्हणजे हा घरी नेता आला असता. (लेक फोर्कसारख्या तलावांचे नियम वेगळे आहेत, तिथे १६ ते २४ इंचांच्या मधले परत सोडावेच लागतात.) तिने सोडला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझे बाबा म्हणाले, "सोडलास? अगं, मस्त कालवण झालं असतं!" जिताड्याला इंग्रजीत सी बास म्हणतात, त्यामुळे त्यांना वाटलं हा त्याचाच भाऊ. तिने त्यांना समजावलं की लार्जमाउथ बास सनफिशच्या कुळातला. एप्रिलमध्ये तिने बासचं परातीएवढं गोल घरटं आणि त्यावर पहारा देणारा नर काठावरून पाहिला होता. त्या घरट्यांकडे आम्ही गळ टाकला नाही, तो तिचाच हट्ट.

सतरा वर्षांखालच्या मुलांना इथे लायसन्स लागत नाही, आणि स्टेट पार्कात काठावरून पकडायचं असेल तर मोठ्यांनाही नाही. प्रवेशाचे पैसे भरले की झालं. गळाचा मागचा काटा पकडीने दाबून टाका. आमच्याकडे एकदा गळ तिच्या बाहीत गेला आणि अलगद निघाला तो त्यामुळेच. दोघींना गॉगल सक्तीचा. तीन तोंडांचे गळ अजून तिच्या हातात देत नाही.

ऑगस्टच्या उन्हात तलावावर थांबवेना, तेव्हा टेक्सासातल्याच अथेन्स गावच्या फ्रेशवॉटर फिशरीज सेंटरला, म्हणजे सरकारी मत्स्यकेंद्राला, गेलो. तेरा पौंडांवरचे बास लोकांकडून घेऊन त्यांची पैदास करायची योजना टेक्सासने १९८६ साली सुरू केली. त्या योजनेतल्या, लेक फोर्क तलावातून आलेल्या पहिल्या मादीचं वजन होतं १७.६७ पौंड. मुलगी टाकीच्या काचेला नाक लावून वीस मिनिटं उभी होती.

हाच रॉड परत घेईन का? घेईन, आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी साडेसहा फुटी. सध्या ती गळ बांधायची पॅलोमार गाठ स्वतः मारते, ओढायच्या आधी लाइन थुंकीने ओली करते. हिवाळ्यात शहरातल्या छोट्या तळ्यांत रेनबो ट्राउट सोडतात, त्यासाठी ४ पौंडी लाइन आणि बारीक गळ काल आणून ठेवलेत.