फिनेल, हायपो की स्पिरिट?

आमच्या ऑफिसातल्या मावशी लादी पुसायच्या बादलीत फिनेलची दोन झाकणं, ब्लीचचं एक आणि वर मूठभर कपडे धुण्याची पावडर टाकायच्या. "सगळं घातलं की सगळं मरतं." वासाने डोळे चुरचुरायचे आणि आम्हाला वाटायचं, वा, काय स्वच्छता! खरं तर त्या बादलीत जंतूंपेक्षा औषधंच एकमेकांना मारत होती.

काय घ्यावं असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आधीच सांगते: रोजच्या लादीला साबणाचं पाणी, जंतू मारायचेच असतील तिथे हायपो (द्रवरूप ब्लीच), मोबाइल-कीबोर्डला स्पिरिट (अल्कोहोल). फिनेल नसलं तरी अडत नाही.

फिनेलवर आपली श्रद्धा आहे ती वासामुळे. पांढऱ्या फिनेलमध्ये मुख्यतः पाइनचं तेल असतं. काळं फिनेल डांबरापासून काढलेल्या फेनॉलचं. ते गटाराला, गोठ्याला ठीक, स्वयंपाकघरात नको. घरात मांजर असेल तर दोन्ही नकोत. मांजराच्या यकृताला फेनॉल नीट पचवता येत नाही, आणि ओल्या लादीवरून चालून ती पाय चाटते.

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, स्वस्त आणि खरंच कामाचं. पण ते किती टक्क्यांचं आहे ते बाटलीवर वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली औषधात पाणी घालून १ लिटर करा, ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. बाथरूमचे नळ, दाराच्या मुठी, संडासची सीट यांना एवढं पुरतं. रक्त किंवा उलटी असेल तर पाचपट, म्हणजे १०० मिली औषध आणि ९०० मिली पाणी. पाणी गारच घ्या, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. ब्लीचिंग पावडर याच जातीची, पण पुडा उघडा राहून ओल लागली की तिच्यात दम राहत नाही.

लोक चुकतात ते मळावर औषध ओतण्यात. मागे मुलाला रात्री उलट्या झाल्या तेव्हा मीही तेच केलं होतं. मळ हायपोतला क्लोरीन खाऊन टाकतो. आधी हातमोजे घालून कागदाने घाण उचला, साबणाने जागा धुवा, मग हायपो. ते १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. आपण एका हाताने शिंपडतो आणि दुसऱ्या हाताने लगेच पुसतो. त्यात जंतू फक्त फडक्यावर चढतात. जेवण ठेवायची जागा असेल तर शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्या. हायपोने स्टीलवर डाग पडतात, रंगीत कपड्याचा रंग जातो. संगमरवरावर वापरू नका.

स्पिरिट हायपोपुढे सौम्य, पण जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरससमोर कमजोर; तिथे हायपोच. विजेची बटणं, फोन, कार्ड मशीन यांना मात्र स्पिरिटच बरं, तेही फडक्यावर घेऊन, वस्तूवर फवारून नव्हे. ७० टक्क्यांचं घ्या. ९९ टक्के म्हणजे जास्त जोरदार असं नाही; प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि नुसतं अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. गॅसच्या ओट्याजवळ मात्र स्पिरिटची बाटली उघडूसुद्धा नका.

लिंबाच्या वासाच्या लादी क्लीनरमध्ये बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचं जंतुनाशक असतं. ते वाईट नाही, पण साबणाशी त्याचं जमत नाही. साबणाने पुसलंत तर आधी साध्या पाण्याचा हात फिरवा. बादलीभर पाण्यात एक झाकण हे प्रमाण बहुतेकदा फक्त सफाईचं असतं. जंतू मारण्याचं प्रमाण आणि वेळ लेबलवर वेगळी दिलेली असते.

आता ज्यात खरा धोका आहे ते. संडास साफ करायच्या ॲसिडवर ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडात थेट. माझ्या एका नातेवाईकाला बंद बाथरूममधून खोकत खोकत बाहेर काढावं लागलं होतं. असं झालं तर आत राहून पाणी ओतत बसू नका. बाहेर या, दार उघडं टाका, श्वास लागला तर थेट डॉक्टर. आणि ॲसिड असो वा हायपो, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मूल सोडा, तहानलेला मोठा माणूससुद्धा फसतो.

मावशींच्या बादलीत आता नुसतं साबणाचं पाणी असतं, आणि संडासासाठी वेगळी लाल बादली. "वासच येत नाही, पुसल्यासारखं वाटत नाही," ही त्यांची तक्रार अजून संपलेली नाही.