फुलं रंगवणाऱ्यांनी घ्यावाच: हॉग हेअरचा फिलबर्ट, ८ नंबर

ऑइलमध्ये फुलं रंगवायची आहेत आणि रंगाचा थर उठून दिसायला हवा, तर बारा ट्यूबांच्या महागड्या सेटआधी हा एक ब्रश घ्या. डुकराच्या केसांचा, लांब दांड्याचा, चपटा पण टोकाला गोलसर. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतो. मी चित्रकलेची शिक्षिका होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएट झालेली मुलं ऑइलकडे वळली की हातात तेच वॉटरकलरचे मऊ ब्रश, आणि घट्ट रंगात ते लोळण घेतात. हा दाबला की वाकतो, सोडला की ताठ.

डुकराच्या केसाचं टोक मुळातच दुभंगलेलं असतं, म्हणून तो रंग भरपूर धरतो. घेताना टोकं नीट बघा. केस आत वळून एकमेकांकडे झुकलेले हवेत. कात्रीने छाटून सारखी केलेली टोकं दिसली तर नको म्हणा.

माझा आवडता विषय तांब्यातली पिवळी शेवंती. ब्रशच्या एका कोपऱ्यावर कॅडमियम यलो, दुसऱ्यावर टिटॅनियम व्हाइट, आणि पाकळीच्या टोकाकडून मध्याकडे एकच फटकारा: आधी दाब, मग उचल. कडेला रंगाचा बारीक वरंबा उभा राहतो, त्यावर खिडकीतला उजेड पडतो आणि पाकळी तयार! तिला पुन्हा हात लावायचा नाही. दोनदा फिरवलात की दोन्ही रंगांचा चिखल. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लमध्ये सूर्यफुलं रंगवली तीही अशीच भराभर, कारण फुलं लगेच कोमेजतात.

निशिगंधाच्या कळ्यांना मात्र ८ नंबर मोठा पडतो, तिथे ४ घ्या. गुळगुळीत पार्श्वभूमीसाठीही हा नको, केसांच्या रेघा उमटतात. अ‍ॅक्रिलिकला सिंथेटिक बरा, कारण हे केस पाणी पिऊन ढिले पडतात.

जाड थर वरून सुकलेला वाटतो, आत कित्येक महिने ओला असतो. व्हार्निशची घाई करू नका.

काम झाल्यावर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवू नका, केस वाकडे होतात. आधी चिंधीने पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये खळबळा, साबणाने धुवा, बोटांनी आकार द्या आणि आडवा वाळवा. केस वर करून उभा ठेवलात तर पाणी केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या टोपणात उतरतं आणि केस गळायला लागतात.