कातीव पायावरची नक्षी: हातानं, मिलवर की सीएनसीवर?

गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं. पडद्यावर पिळाच्या पायांची बंगई (झोपाळा) असते, नाहीतर खाचांच्या खांबांचा देव्हारा. “माले आसाच जोयजे!” साधा कातीव पाय खानदेशातला कुठलाही कातारी काढून देतो. अडतं ते पुढं. कातून गोल झालेल्या लाकडावर लांब खाचा, दोरीचा पीळ किंवा अननसाची चौकट उमटवायची कशी, आणि त्यासाठी पैसे नेमके कशात घालायचे?

रस्ते चार आहेत: पटाशी-कानस, लेथवर बसवलेली राउटरची पेटी, ऑर्नामेंटल मिल आणि रोटरी जोडलेलं सीएनसी. राउटर म्हणजे फिरत्या बिटनं, म्हणजे पात्यानं, लाकूड कोरणारं हातयंत्र. सीएनसी म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगप्रमाणं आपोआप कापणारं यंत्र, आणि रोटरी म्हणजे त्यात गोल लाकूड फिरवणारा भाग. माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठली नक्षी हवी यावर यंत्र ठरवू नका. एका नमुन्याचे नग किती आणि तो नमुना वर्षात कितीदा फिरून येतो यावर ठरवा. नक्षी बघून यंत्र घेणारा पुढं ते यंत्र झाकून ठेवतो.

मिल म्हणजे काय, हे आधी नीट बघू, कारण आपल्याकडं हेच यंत्र सगळ्यांत कमी पाहिलेलं आहे. लेथसारखी दोन सेंटर, म्हणजे टोकदार आधार, असतात आणि त्यांच्यात आधीच कातलेला पाय धरलेला असतो. वर दोन रुळांवर एक गाडी, गाडीवर राउटर. बाजूचा दांडा फिरवला की स्क्रू फिरतो आणि गाडी पायाच्या लांबीनं सरकते. हाच स्क्रू गिअरनं पायाला जोडला, तर गाडी सरकताना पायही फिरतो आणि बिट पिळाची खाच कापत जातं. जोडणी काढून पाय एका जागी अडकवला, की सरळ खाच पडते. गाडी अडकवून नुसता पाय फिरवला, तर कडं पडतं. तीन हालचाली, बस. उजवा पीळ आणि त्यावर डावा पीळ टाकला की मध्ये चौकटी उरतात, तोच अननस. आयटीआयला मशिनिस्ट शिकलेल्या पोरानं डिव्हायडिंग हेड, म्हणजे गोल नगाचे सारखे भाग पाडायचं साधन, हाताळलेलं असतं, हँडलचे ४० फेरे म्हणजे नगाचा एक फेरा हे त्याला पाठ असतं. त्याला मिल समजायला फार वेळ लागत नाही.

अमेरिकेत युटा राज्यातल्या लेगसी कंपनीनं ही मिल लाकूडकाम करणाऱ्यांत रुजवली. त्याआधी सिअर्सनं क्राफ्ट्समन नावाखाली याच कल्पनेचं एक स्वस्त, तारेनं ओढलं जाणारं खोकं विकलं होतं. गंमत म्हणजे लेगसी पुढं स्वतःच सीएनसी बनवण्याकडं वळली. त्यामुळं तयार मिल मागवायची तर जुनीच शोधावी लागेल, आणि सातासमुद्रापलीकडून आणायचा खर्च यंत्राला लाजवेल. पण यात असं काहीच नाही जे एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटर आणि टर्नर मिळून बनवू शकणार नाहीत. स्क्रू, चार-सहा गिअर, दोन सरळ रूळ, बेअरिंग आणि एक इंडेक्स प्लेट, म्हणजे पाय सारख्या भागांवर अडकवायची भोकांची तबकडी. रूळ मात्र खरोखर सरळ हवेत, तिथं काटकसर करू नका.

इंडेक्स प्लेटची भोकं किती, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिथंच पुढची अडचण लपलेली असते. २४ भोकांवर २, ३, ४, ६, ८ आणि १२ भाग पडतात. ५ आणि १० पडत नाहीत. १२० भोकांवर ५ आणि १० बसतात, पण ९ आणि १६ नाहीत. १४४ वर ९ आणि १६ येतात, ५ पुन्हा जातो. फर्निचरच्या कामाला १२० ची प्लेट बहुतेक वेळा पुरते. करून घेतानाच एका तबकडीवर दोन वर्तुळं पाडून घ्या.

आता एक पाय प्रत्यक्ष कापू. वर ४८ मिलिमीटर जाड, खाली ३० पर्यंत निमुळता, त्यावर १२ खाचा. वरचा परीघ साधारण १५१ मिलिमीटर, म्हणजे एका खाचेच्या वाट्याला साडेबारा. ८ मिलिमीटरचं गोल नाकाचं बिट २ मिलिमीटर खोल घातलं तर खाच जवळपास ७ मिलिमीटर रुंद पडते आणि दोन खाचांमध्ये साडेपाचची पट्टी राहते. देखणं दिसतं. पण खाली परीघ उरतो ९४, वाटा ८ मिलिमीटरपेक्षाही जरासा कमी. तीच २ मिलिमीटर खोली ठेवली तर पट्टी एका मिलिमीटरपेक्षाही बारीक होते, आणि सागाची तेवढी पट्टी बोट लागलं तरी उडते. तिथं खोली १ मिलिमीटरवर आणली की खाच ५.३ ची होते आणि अडीचची पट्टी टिकते. म्हणजे गाडीचा रूळ पायाच्या उताराला नुसता समांतर ठेवून भागत नाही. खालच्या टोकाला तो किंचित वर उचलावा लागतो. मिलवर हे काम एका टोकाचा बोल्ट फिरवून होतं. लेथवरच्या राउटर पेटीत पेटीखाली पाचर घालून होतं. सीएनसीत ड्रॉइंगमध्येच करावं लागतं, आणि ड्रॉइंग करणाऱ्यानं कधी लाकूड हातात धरलेलं नसेल तर ते तुम्हीच सांगायचं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. पाय सेंटरमध्ये जराही एका बाजूला धरला गेला, तर एकीकडच्या खाचा रुंद आणि समोरच्या अरुंद पडतात. १ आणि २ मिलिमीटर खोलीत रुंदीचा फरक दीड मिलिमीटरहून जास्त, आणि पॉलिश चढल्यावर तो लांबून दिसतो. म्हणून ज्या सेंटरच्या खुणांवर पाय कातला, त्याच खुणांवर तो नक्षीला चढवायचा.

पिळाचा हिशोब वेगळा. एका फेऱ्यात पीळ किती लांब जातो, तो त्याचा टप्पा. टप्पा परिघाएवढा, म्हणजे जाडीच्या सव्वातीन पटीला थोडा कमी ठेवला, तर पीळ बरोबर ४५ अंशांत बसतो. ५० च्या पायाला तो १५७ येतो. टप्पा १०० केला तर दोरी आडवी, दाट दिसते. ३०० केला तर आळसावल्यासारखी. निमुळत्या पायावर टप्पा एकच ठेवला की बारीक टोकाकडं पीळ आपोआप उभा होत जातो. काहींना ते आवडतं, मलाही आवडतं. गिऱ्हाइकाला आधी दाखवून घ्या.

खरी कसोटी देव्हाऱ्याच्या खांबांवर लागते. डावीकडच्या खांबाचा पीळ आणि उजवीकडच्याचा पीळ एकमेकांचं आरशातलं रूप हवं. दोन्ही एकाच दिशेचे असले तर समोरून देव्हारा एका बाजूला फिरतोय असं वाटतं. हातानं कोरणाऱ्याला यात काहीच वेगळं करावं लागत नाही, तो आखणीच उलटी करतो. सीएनसीवाला ड्रॉइंग उलटवतो. मिलवर मात्र मध्ये एक जादा गिअर घालावा लागतो, तेव्हा फिरण्याची दिशा उलटते. मिल बनवून घेताना या जादा गिअरची जागा सोडायची राहिली, तर अर्ध्या ऑर्डरी परत जातील.

गिअर म्हटले की त्यांत ढिलाई आली. दांडा उलटा फिरवला की गाडी आधी हलते आणि पाय क्षणभर मागाहून. त्यामुळं येता-जाता दोन्हीकडं कापण्याची हाव करू नये. राउटर उचलून गाडी मागं न्यायची, सुरुवातीच्या जागेच्या थोडी मागं न्यायची, मग पुढं आणत कापायचं. पीळ कापताना खाचेची एक भिंत गुळगुळीत निघते आणि दुसरी केसाळ, कारण तिथं बिट लाकडाच्या रेषेच्या उलट जातं. शेवटचा अर्धा मिलिमीटर हलक्या हातानं घेतला की पॉलिश पेपरचं काम निम्म्यावर येतं.

राउटर पेटी ही गरिबाची मिल. लेथच्या बेडवर प्लायची पेटी, वरून राउटर सरकवायचा, चकच्या मागं इंडेक्स प्लेट आणि खिट्टी. सरळ खाचांसाठी याहून जास्त काही लागत नाही. पीळ होत नाही, कारण सरकणं आणि फिरणं यांची गाठ घातलेली नाही. एक खबरदारी मात्र शंभर टक्के पाळायची: राउटर चालू असताना लेथचा प्लग काढून ठेवायचा. चुकून लेथ सुरू झाला तर पाय, बिट आणि बोटं, तिन्ही जातात. शिवाय लांब बारीक नग मध्ये वाकतो आणि थरथरतो, त्याला मधोमध लाकडी आधार द्यावा लागतो. मिललाही हेच लागू.

हातानं पीळ काढणं संपलंय असं समजू नका. पायावर चार उभ्या रेघा, टप्प्याच्या कड्या, त्यांवरून कागदाची पट्टी गुंडाळून तिरकी रेघ, मग खोलीपुरती करवत, पटाशी, गोल कानस आणि शेवटी पॉलिश पेपरची लांब पट्टी. एखादा पाय असेल, जुन्या वाड्याच्या कठड्यातला मोडलेला खांब जुळवायचा असेल, तर हातच सरस. यंत्राची मांडणी करेपर्यंत मुरलेला कारागीर निम्म्यावर पोचलेला असतो, आणि जुना पीळ मुळात हातचा असल्यानं त्यातला बारीक वाकडेपणाही तोच जुळवू शकतो. पण सहा खुर्च्यांचे चोवीस पाय हातानं एकसारखे काढायला सांगितलं, तर तो तुमच्याकडं ज्या नजरेनं बघेल ती विसरता येणार नाही.

सीएनसीचं बळ पिळात नाही, वेलीत आहे. कमळ, मोर, वेलबुट्टी, कानबाई देवीच्या चौरंगाच्या पायाला कलश, यांतलं काही मिलवर होणार नाही. मिल फक्त त्या तीन हालचालींतून निघणारी भूमिती कापते. पण लक्षात ठेवा, दारं आणि जाळ्या कापणारं सपाट मशीन वेगळं आणि गोल लाकूड फिरवणारं रोटरी वेगळं. काम बाहेर जॉबवर, म्हणजे मजुरीवर, देण्याआधी रोटरी आहे का आणि किती लांबीचा नग बसतो, हे विचारा. गोल नाकाच्या बिटच्या बारीक ओळी नगावर राहतात, त्या घासायची मजुरी दरात धरलेली असते का, हेही. साध्या खाचांसाठी सीएनसीवर पैसे घालणं मला पटत नाही. मिल एक लांब खाच एका दमात कापते, सीएनसीवर तोच पृष्ठभाग बऱ्याचदा ओळीओळीनं खरवडला जातो. अर्थात सीएनसी कापत असताना माणूस दुसरं काम करू शकतो, मिलवर दांड्याला चिकटून राहावं लागतं.

आणि लाइट. हे आपल्याकडं विसरून चालत नाही. मिलवर वीज गेली की राउटर थांबतो, तुम्हीही थांबता. आली की तिथूनच पुढं. साध्या स्टेपर मोटरच्या, म्हणजे नुसती पावलं मोजत फिरणाऱ्या मोटरच्या, सीएनसीची जागा हरवते. कंट्रोलरला यूपीएस नसेल आणि सुरुवातीचं शून्य पुन्हा पक्कं पकडता येत नसेल, तर तीन तास कापलेला नग जळणात जातो. ऐन उन्हाळ्यात, भुसावळकडं पारा ४५ च्या घरात असताना वीज किती वेळा डोळे मिचकावते हे तुम्हाला मी काय सांगावं.

युरोपातली खरी ऑर्नामेंटल लेथ किंवा रोझ इंजिन हा पाचवा मार्ग, पण तो धंद्याचा नाही. लंडनला हॉल्ट्झापफेल घराण्यानं १७९० च्या दशकापासून अशी यंत्रं बनवली. रशियाच्या झार पहिल्या पीटरला कातकामाचा नाद होता आणि नार्तोव्ह हा त्याचा कातारी. रोझ इंजिनमध्ये फिरणारा नगच लाटांच्या चाकावर झुलतो आणि घड्याळाच्या तबकडीवर दिसते तशी बारीक लहरी नक्षी उमटते. डब्या, झाकणं, बुद्धिबळाच्या सोंगट्या यांसाठी सुंदर. बंगईच्या पायाशी त्याचा संबंध नाही. छंद म्हणून घेत असाल तर मला काही विचारू नका, घ्या.

लाकडाचं थोडक्यात. साग सगळ्यांना हवा, पण त्यात सिलिकाचा अंश असतो. साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटची धार लवकर जाते, कार्बाइडच घ्या. सागाची रंध्रं मोठी, त्यामुळं फार बारीक पट्ट्या त्यात उठून दिसत नाहीत. नक्षी ढोबळ ठेवा. शिसम बारीक नक्षी छान धरतं. हेद पिवळसर, एकजीव, कातायला लोण्यासारखा, आणि स्वस्तात सराव करायचा तर हाच. बाभूळ वाळलेली असेल तरच. सातपुड्यातला अंजन भारतातल्या सर्वांत कठीण, जड लाकडांत मोडतो. त्यात काढलेल्या कडा कोरीव दगडासारख्या राहतात, पण एका घासात अर्ध्या मिलिमीटरच्या पुढं जाऊ नका, आणि बिटचा खर्च दरात धरा.

मग कुणी काय घ्यावं? दुरुस्ती आणि एकटदुकट नग करणाऱ्यानं काहीच घेऊ नये, चांगल्या कानशी घ्याव्यात. लेथ आहे आणि ऑर्डरी बहुतेक सरळ खाचांच्या आहेत, त्यानं पेटी करावी. राउटर असला तर प्लाय आणि प्लेट एवढाच खर्च. देव्हारे, पलंग, बंगई यांचे पिळाचे सेट नियमानं जाणाऱ्या कारखान्यानं मिल बनवून घ्यावी, इथं तिला तोड नाही. दरवेळी नवीन वेलबुट्टी मागणारं गिऱ्हाईक असेल, तर स्वतःचं सीएनसी घेण्याआधी एक वर्ष काम बाहेर जॉबवर द्यावं. त्या वर्षाची बिलं मशीनच्या कर्जाच्या वर्षभराच्या हप्त्यांजवळ आली, तरच बँकेत जावं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर आलेल्या चार ऑर्डरींवर मशीन बुक करणारे मी पाहिले आहेत. आखाजीचा झोका झाडाला दोरीनं बांधतात, त्याला कातीव पाय लागत नाहीत.

बाहेर जॉबवर देताना कागदावर एवढं लिहून द्या: वरची आणि खालची जाडी, नक्षीची सुरुवात आणि शेवट टोकापासून किती, खाचा किती, दोन्ही टोकांना खोली किती, पिळाचा टप्पा, आणि नगांपैकी डावे किती, उजवे किती. नग कातून देणार असाल तर दोन्ही टोकांना जादा लाकूड सोडा आणि सेंटरची खूण कापू नका, त्यांनाही कापू देऊ नका. घासायला आणि पॉलिशला पाय पुन्हा त्याच खुणांवर तुमच्या लेथवर चढवायचा आहे.